चौदा

रमिला पावरा, एस.वाय., रोल नंबर एकतीस,
लासूरच्याही पुढून पहिल्या एसटीने येते.
चोपड्याला उतरेपर्यंत तिचा पांढरा कोट
पिशवीत घडीचा घडीच.

अमोनियाचं द्रावण सकाळी मीच केलं होतं.
शून्य पूर्णांक एक मोलार.
मोजपात्र एखाद्या वेळी खोटं बोलेल,
माझं नाक नाही बोलत.
सत्तावीस वर्षं याच बाटल्यांची बुचं काढतोय.
हुद्दा : प्रयोगशाळा परिचर. नाव सुपडू.
आधीची तीन जगली नाहीत
म्हणून मला सुपात घातलं होतं.

तिने इलेक्ट्रोड विसळला, टिपला, बुडवला.
आकडा जरा घुटमळला,
मग दहा पूर्णांक पासष्टवर बसला.

चौदातून तो वजा. उरले तीन पूर्णांक पस्तीस.
त्याचा उलटा लॉग, लॉगचं जे येईल त्याचा वर्ग,
भागिले एक दशांश.
उत्तर : दोन गुणिले दहाचा उणे सहावा घात.
पुस्तकात : एक पूर्णांक आठ, उणे पाचवा.
स्थिरांक नऊपटीने हुकला.
धांडे मॅडमनी लाल शाईत दोन शब्द लिहिले,
पुन्हा करा.

तिने पुन्हा केलं. तेच.
तिसऱ्यांदा, तेच.
डोळे भरून आले,
मॅडमना वाटलं, अमोनियाने.

खरं तर या गणितात मला बोलायचा अधिकार नाही.
दहावी नापास माणूस.
पण फळा पुसायच्या आधी
मी तो वाचतो, एवढं खरं.

एप्रिल, दुपारचे दोन,
पंखा गरम हवाच ढवळत होता.
मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट केलं. चाळीस.
"आठे इतलं ऊन शे, माय,
चौदा कोठे टिकतीन?"

ती भिंतीकडे बघत राहिली.
मग पुस्तकाच्या शेवटची, कधीच न उघडलेली पानं,
एकमेकांना चिकटलेली, नखाने सोडवली.
चाळीस अंशांना : तेरा पूर्णांक त्रेपन्न.
चौदा ही पंचवीस अंशांच्या गावची गोष्ट.
आमच्याकडे पाणीसुद्धा सातावर उदासीन होत नाही,
पावणेसातलाच होऊन बसतं.

तिने चौदा खोडले. पेन्सिलीने नाही, पेनाने.

दोन पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे हजार रेणूंतल्या तेरांनी
पाण्याकडून प्रोटॉन घेतलेला,
नऊशे सत्त्याऐंशी तसेच.
याला वहीत दुर्बल म्हणतात.
मला तो शब्द पटत नाही.
ते तेराही घेतलेलं परत करतात,
तेवढ्यात दुसरे तेरा घेतात,
बाटली बंद असली, कपाटाला कुलूप असलं,
तरी हे देणंघेणं चालूच.
बिबड्यांच्या घाट्यात खार किती टाकायचा
ते माझी बायको वजन करून ठरवत नाही,
बोटावर घेऊन जिभेला लावते.
तीही दुर्बल म्हणायची का मग?
असो. माझं काम बीकर धुण्याचं.

तिचा भागाकार झाला.
खाली आता नुसता एक दशांश नाही,
त्यातून ते तेरा वजा करून उरलेले.
एक पूर्णांक शहात्तर, उणे पाचवा घात.
मॅडमनी वही जरा लांब धरून पाहिली,
बरोबरची खूण केली,
शाई तीच.
कोणी सांगितलं, ते कोणी विचारलं नाही,
आणि रमिलाने जाताना
माझ्यासाठी सगळी बुचं घट्ट लावून ठेवली.

डिसेंबरात एखादा दिवस येतो,
साडेदहाचा सुमार, सातपुड्याकडचा वारा,
आणि भिंतीवरचा पारा पंचवीसवर थांबतो.
फार तर तासभर.
तेवढा वेळ पुस्तक अक्षरन् अक्षर खरं असतं.
मी तेव्हा कपाटं पुसत असतो.
त्या तासाला कोणाचंच प्रॅक्टिकल नसतं.